पोलीस ठाण्यातून बोलावणे आल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

‘साहेबांनी उद्या ठाण्यात बोलावले आहे, नुसता जबाब घ्यायचा आहे’ असा फोन आला की माणसे सहसा दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण ‘आपण काही केलेच नाही, मग भ्यायचे कशाला’ म्हणत एकटेच जाऊन येतात, तर काही जण फोन बंद करून गावी निघून जातात. वकील आठवतो तो अटक झाल्यावर. वास्तविक बचावाची खरी गरज त्याआधीच्या चार-आठ दिवसांत असते, कारण पुढे न्यायालयात उपयोगी किंवा अडचणीचे ठरणारे बरेचसे कागद याच काळात तयार होतात.

पहिली चूक म्हणजे आपल्याला कोणत्या नात्याने बोलावले आहे हे न विचारणे. पोलीस तपास, अटक आणि जामीन यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली साक्षीदाराला बोलावतात, तर कलम ३५(३) ची नोटीस ज्याच्यावर संशय किंवा तक्रार आहे अशा व्यक्तीला देतात. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साक्षीदार स्त्री असेल, पंधरा वर्षांखालील मुलगा असेल किंवा साठीपुढील व्यक्ती असेल, तर तिला राहत्या घराबाहेर जबाबासाठी येण्याची सक्ती करता येत नाही.

नोटिशीवर गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, तपास अधिकाऱ्याचे नाव आणि हजर राहण्याची वेळ आहे का, हे पाहावे. कलमाचा आकडा जुन्या सवयीने वाचू नये. १ जुलै २०२४ पासून गुन्हे आणि शिक्षा सांगणारी भारतीय न्याय संहिता जुन्या दंडसंहितेच्या जागी लागू झाली असून त्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. कलम ३०२ आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांविषयीचे आहे. घटना त्या तारखेआधीची असेल, तर मात्र जुनी दंडसंहिताच लागते. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतील असा) आहे का, जामीनपात्र (जामीन हक्काने मिळेल असा) आहे का, हे वकील कलम पाहून लगेच सांगू शकतो आणि पुढची सगळी पावले त्यावरच ठरतात. प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) संवेदनशील प्रकारातला नसेल, तर तो बहुधा महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो.

कलम ३५(३) ची नोटीस टाळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आणि ही नोटीस हेच त्या संरक्षणाचे साधन आहे. जो हजर राहतो आणि सहकार्य करतो, त्याला कारणे लेखी नोंदविल्याशिवाय अटक करता येत नाही. जो येत नाही, तो स्वतःच अटकेचे कारण पुरवतो. आजारपण किंवा परगावी असणे अशी खरी अडचण असल्यास तारीख मागणारा साधा अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर ठाणे अंमलदाराची सही, शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच जपून ठेवावी. फोनवर ‘बरं, पुढच्या आठवड्यात या’ असे कोणी म्हटले, तरी त्यावर विसंबू नये. तो शब्द पुढे कोणत्याही कागदावर दिसत नाही.

जबाब देताना स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन नाही. हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधला आहे. तपासात साक्षीदारांच्या लिहून घेतलेल्या जबाबावर त्यांची सही घेण्याची तरतूद नाही आणि कोऱ्या कागदावर तर कोणीच, कधीच सही करू नये. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही हे खरे, परंतु आरोपीने दाखवून दिलेल्या जागेवरून वस्तू सापडली, तर तेवढे कथन पुराव्यात येते. ‘काय होते आहे, बोलून टाकू’ ही वृत्ती म्हणूनच धोक्याची आहे.

घाबरून व्हॉट्सअॅपवरील संभाषण पुसणे हाही आत्मघातच. मूळ आरोप टिकला नाही, तरी पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि अनेकदा आपल्या बाजूचा मजकूरही त्याच संभाषणात असतो.

आपल्याकडे भावकीच्या भांडणात किंवा सासरच्या तक्रारीत ‘आपसात मिटले’ म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि पुढे एक दिवस दारात वॉरंट येते. तक्रारदाराने तोंडी माघार घेतल्याने गुन्हा संपत नाही. साधी दुखापत यांसारखे गुन्हे न्यायालयात रीतसर तडजोडीने मिटतात. पती किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे न्याय संहितेतील कलम ८५ तडजोडयोग्य नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. तक्रारदाराला परस्पर भेटून गळ घालणे तर टाळावेच, कारण साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप जामिनाच्या आड येतो.

अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची रास्त भीती असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खालील अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात अटकेआधीच करावा लागतो. अटक झाली की तो मार्ग बंद होतो. अटक झालीच, तर कारणे कळण्याचा, नातेवाइकाला कळविण्याचा, चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क आहे. वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.