ओलं चामडं आणि काळे डाग
सुरीचं म्यान ओल्या चामड्यातून घडवताना पातं आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. असा आकार नीट धरतं ते व्हेजिटेबल टॅन, म्हणजे झाडाच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं चामडं, आणि त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य ओलेपणी लोखंडाला लागलं की निळे-काळे डाग उमटतात. पातं गंजतं ते वेगळंच. लोखंडी क्लिपाही नकोत. होल्स्टरसाठी तर खरं पिस्तूल नकोच, त्याच मापाचा प्लॅस्टिकचा नमुना बरा.

चामडं कोमट पाण्यात भिजवा आणि पृष्ठभागाचा मूळ रंग परतू लागला की मगच दाबा. नखं कापलेली हवीत, ओरखडे कायमचे राहतात. ड्रायरची घाई केली तर चामडं आकसून तडकतं. सावलीत पूर्ण वाळू द्या. तेल, मेण त्यानंतर.