रायफल खाली घ्यायला शिका: दहा मीटरच्या सामन्यात या चुका टाळा

दिवाळी आटोपली की आमच्या भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात नेमबाजीचे छोटे सामने सुरू होतात. कधी शाळेचा हॉल, कधी कुणाचं रिकामं गोदाम. दहा मीटर अंतर, स्प्रिंगची एअर रायफल, उघडी साइट (नळीवरची, नेम धरायची पुढची-मागची खूण), कागदी टार्गेट, वीस छर्रे. फी नावापुरती, बक्षिसाला एक शील्ड, आणि शेवटी सगळ्यांनी मांडी घालून भरीत-पुरी खायची. धुळ्याहून, चोपड्याहून पोरं एसटीने येतात.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं, आणि तेव्हापासून नवे चेहरे वाढले. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मी बरीच वर्षं या सामन्यांत रेंज सांभाळतोय. पण दर हंगामात त्याच त्या चुका बघून आता जीव कातावला आहे, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी माझ्या डोक्यात जाणारी चूक: प्रत्येक छर्ऱ्यानंतर साइटचं बटण फिरवणं.

दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजचा मुलगा आला होता. रायफल नवी, घरच्यांनी हौसेने घेऊन दिलेली. पहिला छर्रा उजवीकडे, दहापैकी सात गुणांवर. लगेच बटण चार क्लिक (खाचा) डावीकडे. दुसरा खाली आठ. तीन क्लिक वर. तिसरा डावीकडे सहा, म्हणजे पुन्हा बटण उजवीकडे. मी मागे उभा होतो, पण सामना चालू असताना सल्ला द्यायचा नाही हा आमचा नियम आहे, तो मी मोडला नाही. वीस छर्ऱ्यांत त्याने किमान पंधरा वेळा साइट फिरवली. २०० पैकी १३१. त्याचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. काळ्या गोलात चारही बाजूंना भोकं आहेत आणि मधोमध कागद कोरा.

जेवणाआधी मी त्याला बाजूला घेतलं. रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघितलं, मग मी पुढचा लाकडी भाग एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून हलकेच हलवलं. कट् असा आवाज आला. लाकूड आणि लोखंड यांच्यात खेळ होता. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दोन्ही दिशांना बसतो, आधी मागे आणि मग पिस्टन थांबताना पुढे, आणि त्या हिसक्यांनी लाकडाचे स्क्रू हळूहळू सैल होतात. त्याचा एक स्क्रू अख्खा अर्धा फेरा आत गेला. स्क्रू आवळले आणि त्याला सांगितलं, आता पाच छर्रे मार, साइटला हात लावायचा नाही, कुठेही लागू दे. पाचही भोकं वर डावीकडे, पण एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील एवढ्या जागेत! म्हणजे पोराच्या हातात दोष नव्हताच. तो वीस छर्रे सैल स्क्रूशी भांडत होता आणि शिक्षा साइटला करत होता.

मी एनसीसीत पॉइंट टू-टू (.२२) रायफलवर शिकलो. पालथं पडायचं, पाच गोळ्या झाडायच्या, मग उस्ताद कागदावर ग्रुपिंग मोजायचे. गोळ्या मधे लागल्या की नाही हे ते आधी विचारायचेच नाहीत. पाचही एका जागी आल्या का, एवढंच. एका जागी आल्या तर मधे आणणं पाच मिनिटांचं काम असतं, आणि नाही आल्या तर साइट फिरवून त्या कधीच येणार नाहीत. मी आजही सरावाचे पाच छर्रे मारल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. मागची साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवायची. आपल्या रायफलचा एक क्लिक दहा मीटरवर छर्रा किती सरकवतो ते घरी मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. सामना सुरू झाल्यावर मी साइटकडे बघतसुद्धा नाही. आणि स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत असतोच. सामन्याच्या आदल्या रात्री सगळे स्क्रू तपासायचे, फार करकचून नाही, लाकूड चिरतं.

दुसरी चूक याहून मोठी आहे आणि ती हत्याराची नाही, स्वभावाची आहे. खांद्याला लावलेली रायफल छर्रा न मारता खाली घ्यायला लोकांना कमीपणा वाटतो.

रायफल उचलली, श्वास सोडला, साइट स्थिरावली की सहा ते आठ सेकंदांचा चांगला वेळ मिळतो. त्यानंतर डोळा फसवायला लागतो. साइट हललेली असते, तरी डोळ्याला आधीचंच चित्र दिसत राहतं. दंड थरथरायला लागतात, छातीत हवा कमी पडते. अशा वेळी नवखा माणूस काय करतो? "आता मारतोच" म्हणून ट्रिगर ओढतो. ओढतो म्हणजे झटका देतो. तीन, चार, कधी कागदाबाहेर.

आम्ही वीस छर्ऱ्यांना २५ मिनिटं देतो. हा हिशोब मोठ्या सामन्यांवरून घेतला आहे. तिथे दहा मीटर एअर रायफलला ६० छर्रे आणि ७५ मिनिटं असतात, म्हणजे एकेका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात रायफल दोनदा उचलून दोनदा खाली घेता येते आणि तिसऱ्यांदा शांतपणे मारता येते. तरी दर वेळी कुणीतरी नऊ-दहा मिनिटांत वीस छर्रे संपवतं आणि उरलेला वेळ मोबाइल बघत बसतं. हे बघवत नाही मला. एवढ्या लांबून यायचं, एसटीचं भाडं भरायचं आणि मिळालेला वेळ वापरायचाच नाही?

गेल्या हंगामात अमळनेरकडची एक मुलगी आली होती, अकरावीतली. रायफलसुद्धा तिची नव्हती, क्लबची जुनी, दस्त्यावरचं पॉलिश उडालेली. मी तिच्या मागे बसून मोजलं. वीस छर्ऱ्यांसाठी तिने चौतीस वेळा रायफल उचलली. म्हणजे चौदा वेळा न मारता खाली घेतली. शेवटच्या छर्ऱ्याला तर लागोपाठ तीन वेळा. उचलायची, गाल टेकवायची, थांबायची, आणि काहीतरी बिनसलंय असं वाटलं की बोट ट्रिगरवरून बाजूला, नळी खाली, दोन श्वास. तिच्या बाजूच्या मुलाचं कधीच संपलं होतं, तो हसत होता. माझ्या शेजारी बसलेले धुळ्याचे एक काका पुटपुटले, "कसाले घाई करतंस हाई पोरं, या पोरले देखा." ती तिसरी आली. पण तिच्या कागदावर सातच्या खाली एकही भोक नव्हतं, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाचाच कागद तसा नव्हता.

माझी सवय सांगतो. घरी सराव करताना दर पाच उचलींमागे एक उचल मी मुद्दाम खाली घेतो, साइट कितीही सुंदर बसलेली असली तरी. सुरुवातीला जिवावर येतं. महिनाभरात अंगवळणी पडतं. इंटरनेटवर सात दिवसांत नेम पक्का करून देणारे पुष्कळ आहेत. सात दिवसांत रायफल नीट धरणंसुद्धा होत नाही, हे मी इतक्या पोरांना शिकवून सांगतोय.

बाकीच्या चुका थोडक्यात.

नजर टार्गेटवर ठेवू नका. पुढची साइट स्वच्छ दिसली पाहिजे, काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालतो. डोळा दोन्ही गोष्टी एकदम स्पष्ट बघू शकत नाही.

एक डोळा घट्ट मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर येईल असा बोटभर पांढरा कागद टोपीला किंवा चष्म्याला चिकटवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा.

रायफल हाताने ढकलून टार्गेटवर आणू नका. उभे राहा, रायफल लावा, डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. नळी डावीकडे गेली असेल तर हात नाही, पाय सरकवा. मागचा पाय दोन बोटं सरकवला तरी फरक पडतो. ही दहा सेकंदांची तपासणी न करणारे लोक वीस छर्रे स्नायूंच्या जोरावर मारतात आणि बाराव्याला दमतात.

स्प्रिंगची रायफल आवळून धरू नका. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत ती हललेली असते. दर वेळी सारखीच आणि सैल धरली तर दर वेळी सारखीच हलेल.

छर्रे डबीत ओतून खिशात खुळखुळवत आणू नका. शिसं मऊ असतं, मागची कड दबते आणि तो छर्रा भरकटतो. कागदासाठी सपाट तोंडाचेच घ्या, भोक गोल आणि स्वच्छ पडतं. टोकदार छर्ऱ्याने कागद फाटतो आणि मग गुणांवरून वाद होतो.

वादावरून आठवलं. भोक जास्त गुणाच्या रेघेला टेकलं तर तो जास्तीचा गुण मिळतो, हा नियम आहे, कुणाची मेहरबानी नाही. दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्ऱ्याची कडच त्या ठिपक्याला शिवायची असते. पण भोकात पेन किंवा बोट घालून बघितलंत तर तो कागद परत मोजता येत नाही. शेजाऱ्याच्या टार्गेटवर मारलंत तर हात वर करून लगेच सांगा. तो छर्रा तुमचा शून्य. गप्प बसलात तर आमच्याकडे पुढच्या वर्षी तुमचं नाव घेतलं जात नाही, आणि याबाबतीत मी कुणाचीही शिफारस ऐकत नाही.

तेलाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. रायफल "स्मूथ" व्हावी म्हणून हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडणारे दर वर्षी भेटतात. पिस्टन पुढे येतो तेव्हा आतली हवा दाबून एवढी तापते की ते तेल पेटतं. फट्ट असा मोठा आवाज, नळीतून धूर, आणि छर्रा भलत्याच जोरात भलतीकडे. पोरांना तो आवाज आवडतो. आतलं सील जळतं, स्प्रिंगवर ताण येतो आणि दुरुस्तीचा खर्च वडिलांच्या खिशाला बसतो. तेल बिजागरीला एक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगाला पुसट हात, बस्स. छर्रा न घालता ट्रिगर दाबणंही तितकंच वाईट. समोर हवेची उशी नसते, पिस्टन थेट लोखंडावर आपटतो.

आणि आता सुरक्षेचं. इथे मी कडक आहे आणि कडकच राहणार. नळी कायम टार्गेटकडे, शेजाऱ्याशी बोलायला वळताना तर नक्कीच. "थांबा" म्हटलं की छर्रा आत असला तरी बोट बाहेर, आणि मला सांगायचं. कुणी कागद बदलायला पुढे गेलं असेल तर रायफलीला शिवायचंसुद्धा नाही, साइट पुसायलाही नाही. नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची. एकदा एका तरुणाने नळी सोडली, गुडघ्यावर टेकवली, आणि ट्रिगरला धक्का लागला. नळी फटकन वर आली. अंगठ्याचं नख अर्ध्यातून उचललं गेलं, फरशीवर रक्ताचे थेंब आणि त्याची आई दारात उभी. तो दिवस मला आजही आठवतो. मागे लाकडी फळी लावून घरी सराव करणाऱ्यांनो, छर्रा लाकडावरून उलटा येतो. जाड लोखंडी पत्रा खाली झुकता लावा, आणि जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा.

मे महिन्यात सामने भरवा म्हणून आग्रह करू नका. पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये घाम डोळ्यांत उतरतो, गाल दस्त्यावरून घसरतो. ज्यांच्याकडे हवेच्या सिलिंडरची रायफल आहे त्यांनी ती बंद गाडीत उन्हात अजिबात ठेवू नये.

सकाळी येताना पोटात थोडं काहीतरी असू द्या, पोहे चालतील. उपाशीपोटी हात थरथरतात, आणि रिकाम्या पोटी कडक चहाचे दोन कप घेतले तर जास्तच.

शेवटी भरिताची पंगत बसते तेव्हा मी दारात साबण आणि पाण्याची बादली घेऊन उभा असतो. वीस छर्रे हाताळलेल्या बोटांना शिशाची काळी पूड लागलेली असते, नखांच्या कडेला बारकाईने बघा, दिसेल. त्याच बोटांनी पुरी मोडायची नाही. आधी साबणाने दोनदा हात, मग पान.