उटण्यासाठी पानं आत्ता कापा, पण गच्चीवर उन्हात टाकू नका

पुण्यात पाऊस थांबला की कुंडीतला काय न् सासवडकडच्या बांधावरचा काय, गवती चहा नुसता माजलेला असतो. दिवाळीच्या उटण्यात घरचं काही घालायचं असेल तर कापणीची वेळ हीच, नंतर ऑक्टोबरचं ऊन लागलं की पानं राठ होतात. सकाळी दव उडाल्यावर कापा, गवती चहा जमिनीपासून वीतभर ठेवून, म्हणजे दोन-तीन महिन्यांत परत येतो. मरवा, पुदिना फुलायच्या आत खुडा. शेजारच्या वांग्याला औषध मारलं असेल आणि फवारा इकडे उडाला असेल तर ती पानं अंगाला लावायची नाहीत, सरळ कंपोस्टमध्ये.

वाळवायचं सावलीतच. दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी गच्चीवर पसरतंच, मग विचारतात वास कुठे गेला, अहो वास म्हणजे त्यातलं तेल, ते उन्हात उडून गेलं ना! घरात पंख्याखाली जुन्या सुती साडीवर पातळ पसरा, रोज हलवा, हातात चुरलं की चुरा झाला पाहिजे. जरा ओल राहिली की बरणीत बुरशी आलीच.

वाळा मात्र या दिवाळीला विकतच आणा, मुळं भरायला दीडेक वर्ष लागतं. पुढच्यासाठी लावायचा तर जुन्या ड्रममध्ये अर्धी माती अर्धी वाळू भरून ठोंब लावा, काढताना ड्रम आडवा करायचा आणि पाइपने धुवायचं, खणाखणी नाही, मुळं तुटत नाहीत.

उटण्याला मसूर पीठ, मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, त्यात आपली पानं, सगळं वस्त्रगाळ. बावची (हे एक औषधी बी) घालायचा मोह टाळा, आणि लिंबू पिळून उन्हात तर जाऊच नका, दोन्हीनं ऊन लागलं की कातडी भाजते, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा. गवती चहाचं काढलेलं तेल असेल तर नुसतं कधीच लावू नका, दोन मोठे चमचे खोबरेलात दोन-तीन थेंब, बास.

आणि पाकिटं करून विकायची असतील तर आधी एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं, लायसन्स बघा. नुसती वाळवलेली पानं उटणंवाल्यांना देणं त्यापेक्षा सोपं, पण पोतं उघडल्यावर वास आला तरच ते भाव देतात.