गुण कमी पडले की शाळा कमी पडली? वृद्धांची स्मृतिचाचणी वाचताना

स्मृतीच्या तपासणीला जाताना आधी सांगायचं ते शाळा किती वर्षं झाली आणि आयुष्यभर काम कोणतं केलं. एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) या ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत शंभरातून सात-सात वजा करत जाण्याला ५ गुण, लिहिलेलं वाचून तसं करण्याला १, मनानं वाक्य लिहिण्याला १ आणि एकमेकांत अडकलेले पंचकोन पाहून काढण्याला १ गुण असतो. म्हणजे ८ गुण थेट पाटी-पेन्सिलीचे. कधी पेन्सिलच न धरलेल्या आजींना २१ मिळाले म्हणून लगेच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ठरत नाही, आणि निवृत्त प्राध्यापकांना २८ मिळाले म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, ही रेघ दोघांनाही फसवते. मोका या अशाच दुसऱ्या चाचणीत १२ वर्षं किंवा कमी शिक्षणाला १ गुण वाढवून देतात. तेवढ्यानं भागत नाही.

तुलना माणसाची त्याच्याच जुन्या गुणांशी करा. तीच चाचणी, त्याच भाषेत, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून. मध्ये सहा महिने ते वर्ष जाऊ द्या. घाईनं पुन्हा घेतली तर सरावानंच गुण वाढतात. एखाद-दुसरा गुण खाली-वर झाला तर मनावर घेऊ नका.

घरी वही ठेवा. ‘विसरतात’ असं मोघम नको. ‘गोळ्यांच्या डबीत बुधवारच्या खणात दोनदा भरल्या, गुरुवारचा रिकामा’ असं तारखेसह लिहा. शिकलेली माणसं शब्द अडला की वळसा घेतात, विनोद करून वेळ मारून नेतात. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, कामाचे टप्पे पाहा.

शिक्षणानं सुरुवातीची पातळी उंच असते, उतार मंदावतोच असं नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या, १९९४ आणि १९९७ साली सुरू झालेल्या दोन दीर्घ अभ्यासांत शिक्षणाचा संबंध घसरणीच्या वेगाशी दिसला नाही. मृत्यूआधीची वेगवान घसरण कधी सुरू होते, याच्याशीही नाही.

काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत गोंधळ वाढला तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडानं अचानक उद्भवलेला मेंदूचा गोंधळ समजा. कारणं अशी: जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सावकाश घसरणीतही बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या आधी तपासून घ्या.

पैशांचे अधिकार आणि उपचारांबाबतची इच्छा गुण चांगले असतानाच विचारून कागदावर घ्या. शिकलेल्यांच्या घरी नेमका इथेच उशीर होतो.