डोळे मिटल्यावर हात कुठंय ते कळतं का? घरीच करून बघा

सोलापुरात विडी घरकुल वस्तीत माझी मावशी राहते. ती सीरियल बघत बघत विड्या वळते, पान, तंबाखू, दोरा, सगळं चालू आणि नजर मात्र टीव्हीवर. बोटं कुठं आहेत हे तिला कळतं ते मुख्यतः स्नायूंमुळं. स्नायूच्या आत बारीक सेन्सर असतात, मसल स्पिंडल म्हणतात, आता स्पिंडल म्हणजे सूत कातायची चाती हे सोलापूरकरांना काय सांगायचं. स्नायू ताणला की ही चाती मेंदूला कळवते. पण नुकतं काय काम झालंय त्यावरनं ती फसते पण.

कसं ते बघायचं तर एक जोडीदार घ्या. कोपरं टेबलावर टेकवा, डोळे बंद. उजवा हात पूर्ण वाकवून खांद्याकडं ओढा, जोडीदारानं मनगट धरून अडवायचं, ४-५ सेकंद. डावा हात सरळ ठेवून टेबलाकडं दाबा, तिथं पण त्यानं खालनं अडवायचं. मग दोन्ही हात एकदम ढिले सोडा, इथंच गडबड होते बघा, मी तर पहिल्या दोन वेळा नकळत हात धरूनच ठेवला होता आणि काहीच जाणवलं नाही. आता जोडीदारानं दोन्ही हात हळूच सारख्या कोनात आणायचे, साधारण ४५ अंश, आणि विचारायचं, कुठला जास्त सरळ वाटतोय? बहुतेक वेळा उत्तर येतं उजवा. कारण दंडाच्या पुढच्या स्नायूतली चाती वाकलेल्या हाताच्या मापाला घट्ट होऊन बसलेली असते, हात जरा उलगडला की ती ताणते आणि मेंदूला वाटतं स्नायू लई लांबला. डाव्या दंडात तीच चाती सैल सुटलेल्या दोऱ्यासारखी पडलेली असते, ती गप्प.

हे पुसायचं असेल तर त्याच कोनात दंडाचे पुढचे-मागचे दोन्ही स्नायू आवळून सोडा, मग परत सांगा. फरक कमी होतो.

दुसरी गंमत एकट्यानं करता येते. दाराच्या चौकटीत उभं राहून हाताची मागची बाजू बाहेर दाबा, अर्धा ते एक मिनिट, जोरात, मग पुढं या आणि हात सैल सोडा. बऱ्याच जणांचे हात आपोआप वर तरंगायला लागतात आणि उचलतोय कोण हेच कळत नाही. कोनस्टाम नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९१५ मध्ये हे लिहून ठेवलंय. सगळ्यांना होत नाही, माझ्या भावाला झालंच नाही, तो म्हणला थापा मारू नको बे. खांदा दुखत असेल तर करू नका.

दमलेल्या स्नायूचा अंदाज पण चुकतो आणि तीच वस्तू जड वाटते. म्हणून जिममध्ये पायाचा व्यायाम झाला की जिना उतरताना मोबाईल खिशात, कठडा हातात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच जड काठीचा सराव करणाऱ्यांनी पण हात-कंबर थकली की वेळेवर दुसऱ्याला द्यावी काठी, असं आपलं माझं मत.

मावशीवर पण टेबलाचा प्रयोग केला. तिनं पण उजवाच सांगितला, मग डोळे उघडून बघितलं, हात सारखेच, म्हणाली सोड आता, अजून दोनशे विड्या राहिल्यात.