जुन्या बागायती ट्रॅक्टरची डिझेल गळती कशी शोधावी

द्राक्षाच्या ओळींत चालणारा १५-२० एचपीचा छोटा ट्रॅक्टर जुना झाला की कुठे ना कुठे डिझेल पाझरायला लागतं. बहुतेक जण ओलं दिसेल तिथला नट आवळून मोकळे होतात. पण डिझेल पाइपवरून, ब्लॉकवरून ओघळत येतं आणि थेंब भलतीकडेच पडतो. गळती राहते तशीच, नटाचे आटे मात्र जातात. म्हणून आधी जागा शोधा, मगच पाना हातात घ्या.

सुरुवात धुण्याने करा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, कारण तापलेल्या डिझेल पंपावर (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप) गार पाणी मारलं तर आतले भाग जाम होऊ शकतात. फवारणीचं गंधक, माती आणि डिझेल मिळून फिल्टरभोवती काळा थर बसतो, तो ब्रश आणि साबणाच्या पाण्याने काढा. पुसून चांगलं वाळू द्या. मग टाकीखालचा डिझेलचा कॉक उघडा ठेवून टाकीपासून नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन चालू न करता अर्धा तास थांबा. पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली, तिथून गळतंय.

टाकी इंजिनपेक्षा उंच असेल तर बंद इंजिनातली गळती टाकी, कॉक, नळी किंवा फिल्टर यांतलीच धरा. टाकीला पट्टा घासतो तिथे आणि तळाच्या सांध्याला हात फिरवून बघा. टाकी झाळायची असेल तर रिकामी झाली म्हणून लगेच वेल्डिंग करू नका. आत उरलेल्या वाफेने टाकी फुटते. हे काम टाक्यांच्या जाणत्या कारागिराकडेच द्या.

रबरी नळी क्लिपपाशी वाकवा, भेगा लगेच दिसतील. पुष्कळ बागांत तिथे ठिबकच्या लॅटरलचा, म्हणजे प्लास्टिकच्या नळीचा, तुकडा लावलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेने तो सैल पडतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी तर डिझेलने फुगून लिबलिबीत होते. डिझेलचीच नळी आणा, ती काही महाग नाही. फिल्टर नुकताच बदलला असेल तर तो खोलून बघा. जुनी रबर रिंग वर चिकटून राहते, नवी तिच्यावर बसते आणि दोन्ही मिळून गळतात. बँजो बोल्टला (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन वायसर असतात, एक डोक्याखाली, एक जोडाखाली. एकदा दाबलेले वायसर कडक होतात, त्यामुळे दोन्ही नवेच घाला.

बंद इंजिनात सगळं कोरडं राहिलं तर इंजिन चालू करून डिझेल पंप ते नोझलचे लोखंडी पाइप तपासा. इथे बोट अजिबात लावू नका. या पाइपात १०० बारच्या वर दाब असतो. बारीक चिरेतून येणारी धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते आणि आतलं मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. तपासायला लांब पुठ्ठा घ्या आणि तो पाइपाजवळून फिरवा, ओला डाग उठतो. चिरलेला पाइप झाळू नका, नवा बसवा. नोझलच्या डोक्यावरची बारीक ओव्हरफ्लो नळी निसटली असेल तर ती मात्र दोन मिनिटांचं काम आहे.

बाहेर थेंबही दिसत नाही, पण सकाळी इंजिन लवकर उचलत नाही आणि चालता चालता बंद पडतं, असं असेल तर ते एअर घेतंय. फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) जिथून डिझेल ओढतो त्या बाजूला चीर असली की चालू इंजिनात डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. तिथे पारदर्शक डिझेल नळीचा तुकडा तात्पुरता जोडा. बुडबुडे दिसले की मागे टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. मात्र टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी इंजिन असंच बंद पडतं. म्हणून झाकण सैल करून आधी ते बघा.

शेवटी ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) काढा. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल, ऑइल पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटलाय किंवा डिझेल पंपाचं सील गेलंय. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. इंजिन चालू करूच नका, पंप उतरवून दुरुस्तीला द्या आणि तो परत बसवताना ऑइल, ऑइल फिल्टर दोन्ही बदला.