ढाब्याचा भोंगा रात्री दहानंतरही चालू असेल तर

जळगाव-भुसावळकडे हिवाळ्यात भरीत पार्ट्या सुरू झाल्या की ढाब्यामागच्या गल्लीची झोप उडते. आधी गल्ल्यावरच्या माणसाला बेस कमी करायला सांगा. भिंतीतून आरपार येतो तो बेसच, तो कमी झाला की निम्मा त्रास जातो. ऐकलं नाही तर पोलिसांना ११२ लावा. नुसतं ‘लई आवाज आहे’ म्हणून भागत नाही; चौक, जवळची खूण, किती वाजल्यापासून, एवढं सांगा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मोबाइल ॲपच्या आकड्यावर विसंबू नका. व्हिडिओ काढा, त्यात भिंतीवरचं घड्याळ येऊ द्या. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, चार घरांच्या सह्यांनिशी. एकट्याच्या नावाने दिलात तर राग तुमच्यावरच निघेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या.